खड्ड्यांचे फोटो पुष्कळ झाले, आता रस्त्यांचे काढा

प्रति,
पुण्याच्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि नागरिक मंच यांना

विषय : आपल्या भागातले रस्ते, पदपथ, ओढे-नाले यांची पावसाळ्याआधीची छायाचित्र-नोंद

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पावसाळ्यातले फोटो शोधून पाहा. पाण्याने भरलेला खड्डा, उघडे चेंबर, पार्किंगमध्ये शिरलेले पाणी, पुलाच्या कमानीत अडकलेला कचरा असे फोटो ढिगाने सापडतील. आता तोच रस्ता आणि तोच पूल एखाद्या साध्या, कोरड्या दिवशी कसा दिसत होता, त्याचा फोटो शोधा. बहुतेक ग्रुपवर तो सापडणार नाही. जिथे काही बिघडलेले नाही तिथे थांबून फोन बाहेर काढावा, असे कुणाला वाटत नाही. आम्ही हे पत्र लिहीत आहोत ते या न काढलेल्या फोटोंसाठी.

उपनगरातला बदल सहसा एका रात्रीत होत नाही. ओढ्याच्या काठावर आधी राडारोड्याची एक ट्रॉली रिकामी होते, मग आणखी चार. वर्षभरात तिथे गवत उगवते आणि तो भराव मूळचाच काठ वाटू लागतो. पुढच्या वर्षी पत्रे लागतात, त्यानंतर सीमाभिंत, त्यानंतर दुचाकींचे पार्किंग. यातली कोणतीही एक पायरी तक्रार करण्याएवढी मोठी नसते. मग २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने केले तसे, किंवा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या बाजूला झाले तसे पाणी घरांत शिरते, आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतो : इथे ओढा मुळात किती रुंद होता? भिंत आधीची की नंतरची? जो तो आठवणीवर बोलतो. विकास आराखड्यात ओढ्याची रेषा असते, पूररेषेच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा असते. पण जमिनीवर त्या वर्षी भिंतीची उंची किती होती, रस्त्याखालच्या मोरीत किती नळ होते, काठावर झाडी होती की काँक्रीट, हे नकाशा सांगत नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला, तारीख असलेला एक साधा फोटो ते सांगतो.

२०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांत, म्हणजे सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली या बाजूंना, हे काम सगळ्यात तातडीचे आहे. तिथे अजून शेताचे बांध, ओहोळ आणि गावरस्ते शिल्लक आहेत, आणि ते झपाट्याने जात आहेत. मुळा-मुठेच्या काठांवर ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेचे काम चालले आहे. त्या प्रकल्पाबद्दल तुमचे मत काहीही असो, आधीचा काठ कसा होता याची नोंद दोन्ही बाजूंना लागेल.

आता प्रत्यक्ष कृती. सगळ्यात आधी जागा ठरवा. एका गटाने एक किलोमीटर रस्ता आणि जवळचा एक ओढा एवढेच घ्यावे. जास्त घेतले की दुसऱ्या वर्षी काम बंद पडते. रस्त्यावर साधारण दर ५० मीटरला एक जागा, आणि प्रत्येक जागेवरून रस्त्याच्या दोन्ही दिशांना एकेक फोटो. म्हणजे किलोमीटरला २० जागा आणि ४० फोटो. जागा अशी निवडा की दहा वर्षांनीही ती तिथेच असेल : पुलाच्या कठड्याचे टोक, देवळाची पायरी, शाळेच्या फाटकाचा दगडी खांब. टपरी, जाहिरातीचा फलक, कर्बवर (पदपथाच्या दगडी कडेवर) रंगाने केलेली खूण यांच्या भरवशावर राहू नका. कर्ब उखडला की खूण गेली.

जागेची नोंद शब्दांत करा, फक्त जीपीएसवर सोडू नका. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत बरोबर असते, पण बाणेर-बालेवाडीच्या उंच इमारतींमध्ये ते याच्या कितीतरी पट चुकते, कारण उपग्रहाचा संकेत भिंतींवर आदळून फोनपर्यंत येतो. पाच मीटर सरकलात तर दोन वर्षांचे फोटो एकमेकांवर बसत नाहीत. त्यापेक्षा खात्रीची युक्ती अशी : चौकटीत एक जवळची आणि एक दूरची वस्तू एका रेषेत आणा. समजा, जवळच्या विजेच्या खांबाची डावी कड मागच्या टाकीच्या उजव्या कडेला बरोबर टेकलेली दिसते आहे. पुढच्या वर्षी त्या दोन कडा पुन्हा टेकेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. अशा दोन जोड्या मिळाल्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, की तुम्ही जवळजवळ त्याच ठिकाणी उभे असता. जुन्या फोटोची छापील प्रत हातात ठेवली तर हे दोन मिनिटांत जमते. शिवाय फोटो काढणारा नेमका कुठे उभा आहे, याचा पाठीमागून एक फोटो दुसऱ्याने काढून ठेवावा. काढणारा बदलला तरी नोंद चालू राहते ती या फोटोमुळे.

फोन कोणताही चालेल, मात्र नेहमी १एक्स, म्हणजे साधी मुख्य लेन्सच वापरा. ०.५ वाली लेन्स सगळे मावते म्हणून मोह पाडते, पण ती जवळचे मोठे आणि दूरचे लहान करते. दीड मीटरचा पदपथ तिच्यात ऐसपैस दिसतो. ३एक्स किंवा ५एक्स याच्या उलट करते : दूरच्या गाड्या एकमेकींना चिकटतात आणि साधी वर्दळ कोंडीसारखी भासते. अशा फोटोला समोरचा माणूस सहज खोटे ठरवू शकतो. १एक्सवर, बहुतेक फोनमध्ये, फोन आडवा धरला तर १० मीटरवर साधारण १३ मीटर रुंदी मावते. उभा धरला तर जेवढे अंतर जवळजवळ तेवढीच रुंदी. हे लक्षात ठेवले की कुठे उभे राहायचे ते आधीच कळते. फोनची उंची जमिनीपासून दीड मीटर, आणि फोन वर किंवा खाली झुकवू नका, नाहीतर खांब आणि भिंती आत कललेल्या दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या जाळीच्या रेषा चालू करा आणि एखादा सरळ खांब उभ्या रेषेला लावा. फिल्टर, सौंदर्य मोड आणि दृश्य ओळखून रंग खुलवणारी सोय बंद ठेवा. ती सोय वाळलेले गवत हिरवे करते आणि नाल्याचे पाणी निळसर.

मोजकाठी घरीच बनवा. इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिलिमीटरचा पांढरा कंड्युइट पाइप साधारण तीन मीटर लांबीचा मिळतो. त्यातला दोन मीटरचा तुकडा कापा आणि त्यावर २० सेंटिमीटर सोडून २० सेंटिमीटर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाच लाल, पाच पांढरे पट्टे होतात. उरलेला मीटरभर तुकडा आडव्या मापासाठी ठेवा, त्यावरही तसेच पट्टे. काठी नेहमी ज्या वस्तूचे माप दाखवायचे तिच्या शेजारीच, तेवढ्याच अंतरावर आणि उभी सरळ धरायची. कॅमेऱ्याजवळ काठी आणि चार मीटर मागे भिंत, असा फोटो काढला तर भिंत आहे त्यापेक्षा बुटकी भासते. ही चूक फार होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

उजेडाचे गणित थोडे समजून घ्या. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. १४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर असतो; डिसेंबरमध्ये मात्र भर दुपारीही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर. त्यामुळे मे महिन्यात उन्हात असलेली पूर्व-पश्चिम गल्ली डिसेंबरमध्ये इमारतींच्या सावलीत जाते. वर्षावर्षाची तुलना करायची असेल तर तारीख आठवडाभराच्या आणि वेळ वीसेक मिनिटांच्या फरकात ठेवा. सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून काढा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. दाट झाडांच्या रस्त्यावर कडक उन्हात फोटो काढूच नका. सावल्यांच्या ठिपक्यांत खड्डा, उंचवटा, उघडे चेंबर सगळे लपते. त्यासाठी वळवाचे ढग दाटलेली मे महिन्यातली दुपार उत्तम. पण जमिनीचा उंचसखलपणा दाखवायचा असेल, उदाहरणार्थ मुळांनी उचललेले पेव्हर ब्लॉक किंवा बसलेला चर, तर सूर्योदयानंतरच्या अर्ध्या तासात काढा. तिरप्या उन्हात दोन सेंटिमीटरचा उठावही स्पष्ट दिसतो.

पदपथावर आता थोडे सविस्तर, कारण इथे मापे ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ (२०१२) या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा अडथळ्याविना मोकळी हवी, बाजाराच्या भागात किमान २.५ मीटर रुंद. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. म्हणून पदपथाचा फोटो काढताना एकूण रुंदी दाखवू नका, मोकळी रुंदी दाखवा. विजेचा फीडर पिलर (वीजवाटपाची पेटी), दिशाफलकाचा खांब, झाडाचा चौथरा आणि कुंपणभिंत यांच्यामध्ये जिथे सगळ्यात कमी जागा उरते तिथे काठी आडवी धरून समोरून फोटो घ्या. व्हीलचेअर किंवा बाबागाडी अडते ती त्या एका ठिकाणी. बाकीचा पदपथ तीन मीटरचा असला तरी तिथे तो साठ सेंटिमीटरचाच आहे.

कर्बची उंची हे सगळ्यात दुर्लक्षित माप आहे. जुना थर न खरवडता रस्त्यावर ४० मिलिमीटरचा नवा डांबरी थर टाकला की १५० चा कर्ब ११० वर येतो. तीन थरांनंतर ३० मिलिमीटर उरतात. मग गाड्या सहज पदपथावर चढतात, कर्बमधली पावसाळी गटाराची तोंडे अर्धी डांबराखाली जातात, आणि रस्त्यावरचे पाणी सोसायटीच्या फाटकातून आत वळते. पाणी आत आल्यावर पंपांची चर्चा होते; रस्ता किती वर आला हे कुणी मोजलेले नसते. स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी कर्बला टेकवून, शून्याची कड डांबरावर ठेवून, फोन पट्टीच्या पातळीवर आणून जवळून फोटो काढा. दर वर्षी त्याच पाच ठिकाणी. या एका फोटोमालिकेने जे सिद्ध होते ते डझनभर तक्रारअर्जांनी होत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

आणि हेही लिहायलाच हवे : पदपथ तोडणाऱ्यांत आपल्या सोसायट्या मागे नाहीत. गाडी आत घेताना धक्का बसू नये म्हणून फाटकासमोर बांधलेला काँक्रीटचा उतार, पदपथावर मांडलेल्या कुंड्या, लोखंडी साखळी, सुरक्षारक्षकाची केबिन. दर तीस-चाळीस मीटरला असा एक उतार आला की वृद्ध माणूस पदपथ सोडून रस्त्यावरून चालू लागतो. त्यात त्याचा दोष नाही. त्यामुळे समितीने पहिला फोटो स्वतःच्या फाटकाचा काढावा आणि तो संग्रहातून वगळू नये. दुसऱ्यांच्याच अतिक्रमणाचे फोटो असलेल्या संग्रहावर विश्वास कोण ठेवणार?

प्रत्येक जागेची दोन रूपे नोंदवा. रविवारी सकाळी सातला रस्ता रिकामा असतो, तेव्हा बांधकाम दिसते. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला त्याचा वापर दिसतो : पार्किंग कुठे होते, भाजीवाला कुठे बसतो, मुले शाळेच्या बसमधून कुठे उतरतात, लोक रस्ता कुठून ओलांडतात. झेब्रा पट्टे एकीकडे आणि माणसे दुसरीकडून ओलांडताना दिसली, तर पट्टे चुकीच्या जागी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही रूपांशिवाय रस्त्याची नोंद अर्धीच.

ओढे-नाल्यांसाठी पूल ही सगळ्यात चांगली जागा. भुकूमच्या बाजूने येऊन भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळणारी रामनदी घ्या. तिच्यावर एकामागून एक इतके पूल आणि मोऱ्या आहेत की एकाच सकाळी तिचा मोठा पट्टा नोंदवता येतो. प्रत्येक पुलावरून दोन फोटो काढा : एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, पुलाच्या मध्यावरून. काठांची नावे ठरलेल्या रीतीने द्या. प्रवाह ज्या दिशेला वाहतो तिकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. मुठा उजवा कालव्याला ‘उजवा’ म्हणतात तो याच हिशेबाने. असे न करता ‘मंदिराकडचा काठ’ लिहिले तर पाच वर्षांनी कुणालाच कळणार नाही.

मग पुलाच्या बाजूला जाऊन, सुरक्षित जागेवरून, पुलाचे तोंड समोरून घ्या. कमानी किंवा नळ किती आणि त्यांतला किती भाग गाळाने भरला आहे, हे दिसले पाहिजे. ९०० मिलिमीटरचा नळ निम्म्यापर्यंत गाळाने भरला तर त्याची पाणी वाहून नेण्याची जागा निम्मी झाली. पण वरून, रस्त्यावरून पाहताना काहीच कळत नाही. खांबाला टेकवलेली काठी चौकटीत हवी. पुलाखालून गेलेल्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या वाहिन्या, केबलचे पाइप अवश्य घ्या. पुरात फांद्या आणि प्लास्टिक आधी त्यांनाच अडकते आणि तिथे बांध तयार होतो. पुलाखाली अंधार आणि वर लख्ख आकाश असल्याने फोन गोंधळतो. पडद्यावर अंधाऱ्या भागावर बोट टेकवून एक आणि आकाशावर टेकवून एक, असे दोन फोटो काढा.

काठावर शोधायच्या गोष्टी म्हणजे भरावाची ताजी कड, त्यातून डोकावणारे विटांचे तुकडे, नव्या भिंतीचे तोंड, आणि ओढ्यात सोडलेले पाइप. कोरड्या मे महिन्यात पाइपातून पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही. पाइपाचे तोंड, शेजारी काठी, आणि पाणी कुठून येते ते दाखवणारा एक दूरचा फोटो, असे तीन मिळून नोंद पूर्ण होते. पाण्याचा रंग दाखवायचा असेल तर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा चौकटीत धरा. फोन स्वतःहून रंग ‘सुधारतो’. कागद पांढरा दिसला तरच पाण्याच्या रंगावर भरवसा. कॅमेरा असेल तर पोलरायझिंग फिल्टर लावा. पाण्यावरची चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते ती नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तेव्हा. पुलावर तुमचा डोळा पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर साधारण सव्वापाच मीटर पुढच्या पाण्याचा तळ दिसतो, अर्थात पाणी तेवढे स्वच्छ असेल तर. या फिल्टरने उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून सावलीत हात स्थिर ठेवा.

ओढ्याचे वर्षातून चार फोटो पुरतात. मे अखेर, नालेसफाई झाल्यावर. जुलैत, पाणी वाहते असताना. ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस परतल्यावर, जेव्हा पुराने आणलेल्या कचऱ्याची रेषा झुडपांत आणि कुंपणांवर अडकलेली असते. ही रेषा पाणी कुठवर चढले होते ते सांगते. ती काठीसह घ्या, दिवाळीपर्यंत ती पुसली जाते. चौथा फेब्रुवारीत, जलपर्णी आणि सांडपाण्याच्या दिवसांत. मुठेच्या काठावरच्या लोकांनी खडकवासल्यातून त्या दिवशी किती क्युसेक विसर्ग चालू होता तेही फोटोसोबत लिहावे. आकडा जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. विसर्ग आणि पायऱ्यांवरची पाण्याची पातळी अशा जोड्या पाच-सात पावसाळे जमल्या, तर किती विसर्गाला तुमच्या गल्लीत पाणी येते, हे तुम्हाला अंदाजाने नव्हे, नोंदीवरून सांगता येईल.

पूर चालू असताना काठावर उतरू नका. पाण्याखाली गेलेल्या किंवा जाण्याच्या बेतात असलेल्या पुलावर तर मुळीच नाही. मे महिन्यातही ओढ्याच्या काठी एकट्याने जाऊ नये. एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने रहदारी आणि पायाखालचे पाहावे. वाळक्या गवतात घोणस दिसत नाही. पाण्यात हात घालू नका, पायाला जखम असेल तर त्या दिवशी घरीच थांबा.

काही जागा वर्ज्य. पाषाण-सुतारवाडीतल्या संरक्षण संशोधन संस्था, खडकी आणि दापोडीचा लष्करी भाग, लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, यांच्या भिंती, फाटके, पहारे चौकटीत येऊ देऊ नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. रामनदीचा काही भाग अशा भिंतींच्या जवळून जातो. तिथे कॅमेरा दुसऱ्या दिशेला ठेवा किंवा ती जागा सोडा. धरणावर आणि जलशुद्धीकरण केंद्रावर मनाईचा फलक असेल तर वाद घालू नका. ड्रोनचा विचार सोडून द्या. लोहगावच्या हवाई तळामुळे आणि लष्करी क्षेत्रांमुळे शहराच्या मोठ्या भागात परवानगीविना उडवता येत नाही, आणि आपल्या कामाला जमिनीवरचा फोटोच लागतो.

माणसांविषयी आमचा आग्रह सगळ्यात जास्त आहे. ओढ्याकाठच्या वस्तीत घराचा दरवाजा ओढ्याकडेच उघडतो. तिथे धुणे धुणारी बाई, आंघोळ करणारे मूल, उघडे दार चौकटीत आले तर फोटो काढू नका. आधी वस्तीत कुणाशी तरी बोला, काय करतो आहोत ते सांगा, काढलेला फोटो दाखवा. पुराचे पाणी कुठवर येते हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. ते तुम्हाला भिंतीवरची खूण दाखवतील. पथारीवाल्यांचे फोटो त्यांना उठवण्यासाठी वापरू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिले आहेत, आणि रस्त्याच्या नोंदीत त्यांची जागा रहदारीइतकीच खरी आहे. चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक जाहीर करण्याआधी धूसर करा, मात्र मूळ फाइलला हात न लावता, तिच्या प्रतीवर. मॅपिलरीसारख्या खुल्या रस्ता-छायाचित्र सेवेवर टाकले तर चेहरे आणि क्रमांक आपोआप धूसर होतात. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्र-संग्रहातही अशा फोटोंना जागा आहे. फक्त भिंतीवरची रंगवलेली चित्रे मध्यवर्ती असलेले फोटो तिथे टाकू नका. रस्त्यावरच्या इमारती आणि शिल्पांच्या फोटोंना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सूट आहे, चित्रांना नाही.

फाइली जपणे कंटाळवाणे, पण नोंद टिकते ती त्यानेच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत निरुपयोगी समजा : तिचा आकार घटतो आणि आतली तारीख, वेळ, स्थान ही माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलने उतरवा. फोटोवरच तारीख आणि नकाशा छापणारी ॲप तक्रारीपुरती ठीक आहेत. नोंदीसाठी न छापलेली मूळ प्रत हवी, कारण छापलेली पट्टी फोटोचा खालचा भाग, म्हणजे नेमका रस्ता, झाकते. फोन नवीन घेतला की कॅमेऱ्यातले स्थान-नोंदीचे बटण चालू आहे का ते आधी पाहा. फाइलचे नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग जागेचा क्रमांक, मग दिशा; म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. ४० फोटो, प्रत्येकी सुमारे ४ एमबी, वर्षातून चार वेळा : साडेसहाशे एमबीसुद्धा होत नाहीत. तीन प्रती ठेवा, त्यातली एक वेगळ्या घरात. समितीचा सचिव बदलला की संग्रह हरवतो, म्हणून हस्तांतराच्या यादीत हार्डडिस्कचा उल्लेख हवा.

प्रकरण कधी न्यायालयात गेले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती बदलते. म्हणून मूळ फाइल कापू नका, फिरवू नका, उजळ करू नका. फोटो उतरवले त्याच दिवशी हॅश काढून यादीत लिहिले तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पावसाळा साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्याआधी तुमच्या गटातल्या चार-पाच जणांनी एका संध्याकाळी जागा ठरवाव्यात, काठी बनवावी, आणि येत्या रविवारी सकाळी सातला पहिली फेरी करावी : आधी स्वतःचे फाटक, मग कर्बच्या पाच जागा, मग रस्ता, शेवटी ओढा आणि पूल. कामाच्या दिवसाची संध्याकाळची फेरी त्याच आठवड्यात. प्रत्येक जागेचा एक फोटो, ए-४ कागदावर बारा याप्रमाणे छापून, सोसायटीच्या सूचनाफलकावर लावा. एक संच क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीत आवक क्रमांक घेऊन द्या. त्या संचासोबत कोणतीही तक्रार जोडू नका. फक्त एवढेच लिहा की ही या तारखेची स्थिती आहे आणि पुढचा संच ऑक्टोबरमध्ये देऊ.

आपले,
पुण्यातले रस्ते आणि ओढे यांची छायाचित्र-नोंद ठेवणारे काही नागरिक